थांबा म्हणणारे काका

दोह्यातल्या माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एका माणसाला कोंबडीच्या खोक्यावर भिंग धरून बसलेलं पाहिलं. बाहेर इंडस्ट्रियल एरियात पंचेचाळीस अंशांचं ऊन होतं आणि आत, कोल्ड स्टोअरमध्ये, उणे अठरा. मी ऑफिसच्या पातळ साडीवर कुणाचं तरी जाकीट चढवून एका पावतीवर सही घ्यायला आत गेले होते. दात वाजत होते. हा माणूस मात्र एका हातातला मोजा काढून खोक्यावरचा पांढरा थर बोटाने चोळत होता.

"काका, सही," मी म्हटलं.

पावतीवरचं नाव वाचून मला कळलं होतं की ते आपल्याकडचे आहेत. त्यांनी सहीकडे पाहिलंच नाही.

"इकडं ये, पोरी. हे काय हाय, सांग बरं?"

"बर्फ."

"बर्फ न्हवं, साखर हाय. चोळून बघ."

मी चोळलं. खरंच, हाताला साखरेसारखे सुटे दाणे लागले. एकमेकांना न चिकटणारे.

"ह्याच्यावर उद्या वझं पडलं तर काय हुईल?"

त्यांनी माझ्या हातातली पावती ओढून घेतली. ते सही करता करता म्हणाले, "घसरंल. सगळंच्या सगळं घसरंल." आणि पुन्हा भिंगात डोळा घातला.

ते साताऱ्याकडचे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आमच्या कंपनीत गोठवलेलं मांस आणि भाज्या यायच्या. त्या गोदामाचे ते सुपरवायझर. मी वसईची, टेलिफोन आणि कागदपत्रं सांभाळायला लागलेली. नव्वदच्या दशकाची ती अखेरची वर्षं. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून मी त्यांना काका म्हणू लागले. बाकी सगळे त्यांना फौजीसाब म्हणत आणि पाठ फिरली की हसत.

हसण्यासारखं बरंच होतं. काकांनी सैन्यातले बारा हिवाळे काश्मिरातल्या एका उंच चौकीवर काढले होते आणि तिथे त्यांचं काम होतं बर्फाच्या नोंदी ठेवणं. रोज किती पडला, वारा कुठून होता, हवा किती गार. दर आठवड्याला कमरेइतका खड्डा खणायचा आणि त्याच्या भिंतीत बर्फाचे थर वाचायचे. कुठला घट्ट, कुठला भुसभुशीत, कुठला साखरेसारखा. त्यावरून सांगायचं की उद्या तुकडीने उतारावरून जावं की न जावं. नोकरी संपली, पेन्शन लागली, माणूस वाळवंटात आला, पण नजर तीच राहिली. खिशात कायम शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक असे. त्याला दोरा बांधलेला आणि दोऱ्याच्या टोकाला एक नट. दिसेल तो उतार ते मोजत. पुलाचा चढ, गोदामाचा रॅम्प, खडीचा ढीग.

मेसचा कूक तर ते आले की साखरेचा डबा लपवायचा. कारण नवीन माणूस कामाला आला की काका त्याला हिमस्खलन म्हणजे काय ते समजावून देत, आणि त्यासाठी त्यांना स्टीलचा मोठा ट्रे लागे. ट्रेमध्ये आधी किंचित ओला केलेला मैदा थापायचे, त्यावर साखरेचा पातळ थर आणि वर पुन्हा मैदा, तळहाताने दाबून घट्ट केलेला. मग ट्रे एका बाजूने सावकाश उचलायचे. काही होत नसे. अजून थोडा उचलला तरी काही होत नसे. बघणारा कंटाळून मान वळवतो न वळवतो तोच वरचा मैदा एका तुकड्यात, पाट सरकावा तसा सरकून खाली येई.

"बघितलं? वरचा घट्ट हाय म्हणून माणूस बिनधास्त चालतो. पण घात तळातली साखर करती. जमीन उबदार, हवा गार. मधल्या बर्फाची वाफ हुती आणि त्याचं दाणं बनत्यात. थंडीच्या सुरवातीला थोडा बर्फ पडला आणि मग महिनाभर आभाळ निरभ्र राहिलं, की समजायचं, खाली साखर पेरली गेली."

केरळहून नुकताच आलेला एखादा हेल्पर मान डोलवायचा. आयुष्यात त्याने बर्फाच्या उतारावर पाय ठेवण्याची काडीमात्र शक्यता नव्हती. पण काकांना त्याचं काही नसे. माहिती असलेली बरी, एवढंच.

एका शुक्रवारी कंपनीची पिकनिक सीलाइनच्या वाळूच्या टेकड्यांकडे गेली. सगळे घोळक्याने टेकडी चढायला निघाले. काका खालून ओरडले, "एकेक! एकेक जायचं! पन्नास पावलं अंतर!" आणि खरोखर, अकाउंटंटपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना त्यांनी रांगेत, अंतर ठेवून वर पाठवलं. खालचे लोक पोट धरून हसत होते. त्यांनी दोरा लावून उतार मोजला. म्हणाले, चौतीस अंश. वाळू ह्याच्यापेक्षा जास्त उभी राहत नाही, म्हणून वाळू प्रामाणिक. त्या टेकड्यांवरून वाळू सरकली की कधी कधी खोल, घुमणारा आवाज येतो. तो आला तेव्हा काका गुडघ्यावर बसले आणि त्यांनी कान वाळूला लावला.

"ही गाती," ते म्हणाले. "बर्फ गात न्हाई. पायाखाली एकदाच 'वुम्म' करतो. त्यो ऐकू आला की मागं फिरायला जागा असली तर नशीब."

त्या दिवशी मीही हसले होते. ते सांगून टाकलेलं बरं.

आमच्या गोदामात बशीर नावाचा फोर्कलिफ्ट चालवणारा होता. काश्मीरचा, आणि काश्मिरातही एका उंच खिंडीपलीकडच्या गावचा. हिवाळ्यात ती खिंड गाड्यांना बंद व्हायची. मग लोक पायीच ये-जा करत, पिढ्यान् पिढ्या. काकांचा बशीरवर विशेष जीव होता, पण दाखवायची पद्धत वेगळी. घरून फोन आला की ते पहिलं विचारत, "बर्फ किती? वारा कुठनं?" बशीरची आई आजारी असो, भाऊ परीक्षेत पास होवो, आधी बर्फ. उत्तर ते निळ्या वहीत लिहून ठेवत.

त्या वर्षी बशीरचं लग्न ठरलं, फेब्रुवारीत. रजेवर जायच्या आदल्या दिवशी तो मिठाई घेऊन आला. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि वही उघडली.

"ह्या थंडीत नोव्हेंबरात हातभर पडला. मग दीड महिना आभाळ साफ. तुझ्या गावच्या वाटेखाली साखर हाय, बशीर. खिंडीच्या अलीकडं पोचलास की मला फोन कर. फोन केल्याबिगर पाऊल टाकायचं न्हाई." हे सगळं त्यांनी मग हिंदीत पुन्हा सांगितलं आणि त्याच्याकडून वदवून घेतलं.

दहा दिवसांनी, आमचं ऑफिस नुकतंच उघडलं होतं, फोन वाजला. बशीर होता. खिंडीच्या अलीकडच्या शेवटच्या गावातल्या बूथवरून बोलत होता. मी काकांना बोलावलं. मॅनेजरसाहेब पालघाटचे, सज्जन माणूस. त्यांनी स्पीकर लावायला मान हलवली, त्यांनाही उत्सुकता होती.

बशीरला धरून अठरा माणसं होती. त्याचे मामू, लग्नाच्या खरेदीला आलेले नातेवाईक, गावचे दोन व्यापारी, तीन बायका, एक मास्तर. तीन दिवस सतत बर्फ पडून त्या सकाळी थांबला होता. आभाळ निळंशार. सगळे उद्या पहाटे निघणार होते. जुम्म्याला निकाह होता आणि पलीकडच्या गावचा फोन वादळात बंद पडला होता.

"वारा?" काकांनी विचारलं.

"हमारी तरफ से उस तरफ जा रहा था, साब. तीनों दिन. इधर तो पत्थर दिख रहे हैं, बर्फ उड़ गई."

काकांनी डोळे मिटले. "उडून कुठं गेला असंल?" ते मला मराठीतच म्हणाले. "पलीकडच्या उतारावर जाऊन बसलाय सगळा." मग फोनमध्ये हिंदीत सांगितलं, "खिंडीकडं जाऊ नका. गावाजवळ, जिच्या वर दुसरा उतार नाही अशी छोटी टेकडी शोधा, पलीकडं तोंड असलेली. तिथं खणा."

पुढची दहा मिनिटं त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. जमिनीपर्यंत खड्डा. त्याच्या भिंतीतून वीतभर रुंद, वीतभर जाड खांब चारी बाजूंनी मोकळा करायचा. वर फावडं आडवं ठेवायचं. त्यावर आधी मनगटातून दहा थापट्या, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. कितव्या थापटीला खांब तुटतो ते मोजायचं, आणि कसा तुटतो ते बघायचं. जितक्या कमी थापट्या, तितका धोका मोठा.

दुपारी तो पुन्हा बोलला. त्याचा आवाज बदलला होता.

"सात, साब. सातवीं थापटी पे. ऊपर का टुकड़ा मेज़ की दराज की तरह बाहर आ गया. नीचे चीनी है."

"थांबा," काका म्हणाले. "चार दिवस. कुणीच जायचं नाही."

तिकडे गलका झाला. मग एक जाड, वयस्क आवाज आला. बशीरचे मामू. चांगल्या उर्दूत बोलत होते, पण राग लपत नव्हता. "जनाब, आप रेगिस्तान में बैठे हैं. हम इस पहाड़ पे पैदा हुए हैं. आसमान देखिए, एक बादल नहीं. लड़कीवाले इंतज़ार कर रहे हैं. आपके कहने पे इज़्ज़त गँवा दें?"

 मॅनेजरसाहेब हळूच म्हणाले, "फौजी, लेट देम डिसाइड. समथिंग हॅपन्स, ऑर नथिंग हॅपन्स, दे विल ब्लेम यू."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. मी त्यांना इतकं शांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"मामूसाब, मेरी पलटन में मेरा नाम ब्रेक था. ब्रेक हवालदार. बारा साल में पाँच बार मैंने टुकड़ी रोकी. पाँचों बार कुछ नहीं गिरा. सब हँसे. पाँचवीं बार के बाद मुझे चौकी से हटा दिया, कहा डरपोक है. उन पाँच टुकड़ियों में एक सौ से ज्यादा जवान थे. सब घर गए. किसी को मालूम नहीं कि क्यों गए. आप भी मुझे डरपोक बोलिए. मगर चार दिन रुकिए. चौथे दिन सूरज निकलने से पहले निकलिए, जब ऊपर पपड़ी सख्त हो. एक-एक करके, पचास कदम का फासला. लड़कीवालों से माफी मैं माँगूँगा."

 मग मामू म्हणाले, "चीनी मैंने भी देखी." आणि फोन ठेवला.

एवढंच. जातील की थांबतील, काही कळलं नाही.

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. गोदामातल्या लोकांना बातमी लागलीच होती. "फौजीसाबने शादी रुकवा दी," म्हणून चेष्टा चालली. कुणीतरी काकांच्या टेबलावर साखरेची पुडी ठेवली. काका नेहमीसारखे येत, तापमानाच्या नोंदी घेत, दार उघडं ठेवणाऱ्यावर ओरडत. फोनकडे त्यांनी एकदाही मान वळवली नाही. मीच दर रिंगला उडत होते. शेवटी न राहवून विचारलं, "काका, आणि काही पडलंच नाही तर?"

"मग लई बरं."

"पण तुम्हाला हसतील."

"हसू दे की. हसायला माणूस जिता लागतो."

आठव्या दिवशी बशीरचा फोन आला. पलीकडून, त्याच्या स्वतःच्या गावातून. लाइन दुरुस्त झाली होती. मी काही न विचारता स्पीकर लावला आणि गोदामात निरोप धाडला. काका येईपर्यंत दारात सात-आठ माणसं जमली होती.

ते चार दिवस थांबले होते. पहिल्या दिवशी निळं आभाळ बघून दोघं व्यापारी चिडून निघालेच होते; मामूंनी वाट अडवली. चौथ्या दिवशी पहाटे, पन्नास-पन्नास पावलांवर, अठरा माणसं खिंड चढली. माथ्यावर आली तेव्हा उजाडलं होतं. आणि पलीकडे बघतात तर वाटच नव्हती.

डोंगराच्या कुशीचा अख्खा भाग खाली गेला होता. देवदार मोडून पडलेले. बर्फ खाली जाऊन सिमेंटसारखा घट्ट झालेला. आणि त्या ढिगाऱ्यावर, मुंग्यांसारखी माणसं. फावडी घेऊन खणणारी.

ते बशीरच्या गावचे लोक होते. त्यात मुलीचे वडीलही. ज्या दिवशी वऱ्हाड यायला हवं होतं, त्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर उतार कोसळला होता. गावाला ढग उठलेला दिसला, आवाज ऐकू आला. फोन बंद. ते धरूनच चालले होते की अठराही माणसं खाली आहेत. तीन दिवस ते आपल्या माणसांची प्रेतं शोधत होते.

"हम ऊपर से एक-एक करके उतर रहे थे, साब," बशीर सांगत होता. "पहले किसी ने सिर उठाया. फिर सबने.  गिन रहे थे. जब अठारहवाँ, मास्टरजी, मोड़ से निकला, तब मेरे ससुर वहीं बर्फ में बैठ गए."

दारातल्या माणसांपैकी एकजण रडत होता. साखरेची पुडी ठेवणारा तोच होता, हे मला नंतर कळलं. मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढला. मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी म्हणेल, निदान एक सुस्कारा तरी टाकेल.

ते भडकले होते.

"तीन दिवस खणत होते? वर नजर ठेवायला कुणी उभा होता का? उरलेला उतार आला असता तर? कितने आदमी एक साथ थे?"

"चालीस के करीब, साब..."

"चालीस! एकाच ठिकाणी! अरे, अकल..." मग ते थांबले, पाणी प्यायले, आणि वही उघडली. "बरं, सांग. वर जिथून तुटला, तिथली भिंत किती उंच होती?"

आणि बशीरकडे उत्तर तयार होतं. "मामू ने अपनी लाठी से नापा, साब. उन्होंने कहा, साहब पूछेंगे. एक लाठी और एक हाथ. और नीचे चीनी ही चीनी."

काकांनी लिहून घेतलं.   मग मुलीच्या वडिलांना फोनवर बोलावून त्यांनी कबूल केल्याप्रमाणे माफी मागितली, लग्न लांबवल्याबद्दल. 

संध्याकाळी आम्ही कंपनीच्या बसची वाट बघत होतो. मी म्हटलं, "काका, सहाव्या वेळी पडलंच शेवटी. आता कोण ब्रेक म्हणेल तुम्हाला?"

ते माझ्याकडे वळले. रागावले नव्हते, पण मी काहीतरी मूलभूत चुकले आहे असा चेहरा होता.

"हे बघ पोरी. हे पडलं नसतं, तरी मी बरूबरच हुतो. त्या पाच वेळंलाबी बरूबरच हुतो. एवढं ध्यानात ठीव."

मी ते ध्यानात ठेवलं आहे. पुढे मुलं झाल्यावर, नवरा ऑपरेशनला नको म्हणत असताना, नोकरीत एकदा सगळ्यांच्या विरुद्ध बोलायची वेळ आली तेव्हा, मी ते वाक्य काढून बघितलं आहे. शाबासकी मिळो न मिळो, बरोबर ते बरोबर. हे मला एका गोदामाच्या सुपरवायझरने शिकवलं, याचा मला जितका अभिमान आहे तितका माझ्या डिग्रीचाही नाही.

त्यानंतर दर हिवाळ्यात आमच्या ऑफिसला त्या गावातून फोन येऊ लागले. गोठवलेल्या कोंबड्यांच्या आयातीच्या कंपनीला, खिंड ओलांडावी की नाही ते विचारायला. काका गोदामात असले की मीच माहिती लिहून घ्यायची. वारा कुठून? शेवटचा बर्फ पडून किती तास झाले? किती थापट्या? मी, जिने बर्फ फक्त खोक्यावर पाहिला होता, मामूंना एकदा दरडावून म्हटलं होतं, "मामू, खड्डा जमीन तक खोदा या आधा?" मामू म्हणाले, "आधा, बेटी." आणि पुन्हा खणायला गेले. दर वेळी निरोप 'थांबा' असाच नसे. पुष्कळदा काका म्हणत, "जाऊ दे, घट्ट बसलाय." तेही ते तितक्याच ठामपणे सांगत.

पुढे काही वर्षांनी काका काम सोडून साताऱ्याला परतले. निरोपाच्या दिवशी भाषण करायला सांगितलं तर म्हणाले, "दार बंद ठेवत जावा," आणि बसले.

त्याच हिवाळ्यात मामूंचा फोन आला. मी घाबरले. "मामू, साहब इंडिया चले गए. मैं उनका नंबर देती हूँ, रुकिए..."

"नहीं बेटी, पूछना कुछ नहीं है," मामू म्हणाले. "सिर्फ साहब को बता देना. हमने खोदा, नौ थापटी पे टूटा. रास्ता हमने खुद बंद कर दिया है."

मी त्याच दुपारी साताऱ्याला फोन लावला. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"उताराचं तोंड कुठलं?"

"विचारलं मी. पलीकडचं, सावलीचं."

"खणलं कुणी?"

"बशीरच्या बायकोनं. थापट्याही तिनंच मोजल्या. आणि सगळ्यांना थांबा म्हणूनही तिनंच सांगितलं."

"लोकांनी मानलं?"

"मानलं, काका."

"कुणी हसलं का तिला?"

"मामू म्हणाले, कुणी नाही."

 मग काकांनी रिसीव्हर बाजूला धरला असावा, कारण त्यांचा आवाज लांबून आला. ते घरातल्या काकूंना हाक मारत होते, आणि पोरगा फौजदार झाल्याची बातमी बाप ज्या आवाजात सगळ्या आळीला सांगतो, अगदी त्या आवाजात म्हणत होते:

"आगं, ऐकलंस का? रस्ता बंद केलाय त्यांनी! मला न इचारता!"